आतून उघडून आणलेली बाटली

९ मे

प्रिय ठमे,

पाकिटावरचा पत्ता शेजारच्या काकूंकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं तर तू न उघडताच केराच्या डब्यात टाकशील, हे मी ओळखून आहे. काकूंनी विचारलं, "तुमच्या हाताला काय झालं?" मी म्हटलं, "लचकलाय." आता बरेच दिवस त्यांच्यासमोर पिशव्या डाव्या हाताने उचलाव्या लागणार.

मुद्द्याचं आधी सांगते. आम्ही तुझ्याकडे जेवायला येतोय.

हातातलं काम बाजूला ठेव आणि नीट वाच. बाबांच्या मासिकाच्या वार्षिक अंकात यंदा तुमच्या खोऱ्याचा भाग आहे. कुठे जेवावं, कुठल्या तळघरात जाऊन वाइन प्यावी, असा मोठा लेख. लोक तो हातात धरून सुट्ट्या ठरवतात. कुठे कुठे जायचं ते संपादकीणबाईंनी ठरवलं आणि त्यात तुझं रेस्टॉरंट आहे. बाबांनी सगळी नावं मला मोठ्याने वाचून दाखवली. तुझ्यापाशी आले तेव्हा आवाज जराही हलला नाही. तेवढ्यावरूनच मला कळलं, ते कुणाचं आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे.

मी म्हटलं, "बाईंना सांगून टाका, ही आमची मुलगी आहे म्हणून. दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील."

तर म्हणाले, "जिभेला नातीगोती नसतात."

मागच्या वेळीही हेच म्हणाले होते आणि तुझ्या जेवणाबद्दल छापलं होतं, 'या स्वयंपाकघरात आत्मविश्वास भरपूर आहे, चव तेवढी राहून गेली आहे.' मुख्य आचारी म्हणून तुझी ती पहिलीच नोकरी, आणि छापून आल्यावर मालकाने आधी तुला काढलं आणि मग दारालाच कुलूप लावलं. तू घरी आली नाहीस ती आजतागायत. बाबा टोपणनावाने लिहितात, म्हणून जगाला कळलंही नाही की हे बापाने लेकीबद्दल लिहिलंय. मला मात्र अजून राग येतो. त्यांच्याशी बोलते, चालते, हसते, आणि मधूनच भाजी चिरताना येतो.

आपल्या घरचे नियम तुला पाठ आहेतच. जिथलं लिहायचं तिथे आधी कळवायचं नाही. टेबल परक्या नावाने घ्यायचं. प्रत्येकाने वेगळं काहीतरी मागवायचं आणि अर्धं झालं की प्लेटा फिरवायच्या. एकदा तू आइस्क्रीमची वाटी फिरवायला साफ नकार दिलास आणि पोटाशी धरून बसलीस, तेव्हा बाबा किती चिडले होते! मी टेबलाखाली तोंड घालून हसत होते. तर, त्या नियमांतला पहिला मी आज मोडतेय.

दिवस सांगणार नाही. तेवढी लबाडी पुरे झाली. एकच कर, आमच्यासाठी म्हणून वेगळं काही करू नकोस. रोज वाढतेस तेच वाढ. आणि बाहेर येऊन भांडू नकोस. तुझं नाक तुझ्या बापासारखं आहे आणि रागही तिथेच राहतो.

बाबांची तब्येत ठणठणीत आहे. थंडीत मोठा ताप येऊन गेला, त्यानंतर जरा सर्दी राहिलीय, एवढंच. काळजीचं काही नाही. खरंच काही नाही.

उत्तराची वाट पाहत नाही, असं लिहिणार होते. पण पाहते.

तुझी,
आई


१७ मे

ठमे,

आम्ही खोऱ्यात येऊन पोहोचलोय. हे पत्र लॉजच्या मालकीणबाईंच्या भाजीवाल्याबरोबर देतेय, तुझ्याकडेही त्याचीच गाडी येते म्हणे. मालकीणबाई तुझं तोंडभरून कौतुक करतात आणि मग मान हलवतात. "हात चांगला आहे हो पोरीचा, पण जागा आत गल्लीत. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतच नाही. यंदा गर्दी झाली नाही तर गाशा गुंडाळेल बिचारी." मी म्हटलं, "असं का?" जणू तुझा-माझा काही संबंधच नाही. चहा तसाच ठेवून उठले.

म्हणून आता खरं सांगते. त्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. बाबांना सर्दी नाही. त्यांचं नाक गेलंय.

ताप उतरला त्या सकाळी मी कॉफी दिली. एक घोट घेतला आणि म्हणाले, "यात कॉफी टाकायला विसरलीस." मी नव्हते विसरले. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित हळूहळू, कदाचित नाही येणार. खारट, आंबट, गोड, तिखट एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं पुसलं गेलंय. लोणी आणि मेण त्यांना आता सारखंच.

कुणालाही सांगितलेलं नाही. मग थंडीपासूनचं छापून येतंय ते कुठून येतं, असं तू विचारशील. माझ्याकडून येतं. जेवताना मी बडबड्या बायकोसारखी बोलत सुटते, "अगंबाई, हे तर भाजलेल्या बटाट्याच्या सालासारखं लागतंय!" आणि ते ऐकून घेतात. पूर्वी मी तोंड उघडलं की म्हणायचे, बोलू नकोस, चव पळते. आता मी गप्प राहिले की टेबलाखालून पाय लागतो. खोलीवर आलो की उलटतपासणी. कशासारखं? आधी काय आलं? मागून काय राहिलं? मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, मला त्यांचे शब्द येत नाहीत. मी सांगते, ओल्या पाटीसारखं, नव्या वहीसारखं, आणि ते त्याची वाक्यं करतात.

संपादकीणबाईंनी मध्ये फोनवर कौतुक केलं, हल्ली तुमचं लिखाण किती मोकळं झालंय म्हणून. दिवसभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच खूश झाले, आता तुझ्यापासून काय लपवायचं?

लपवायचं म्हणशील तर एक आहे. मी सगळंच त्यांना खरं सांगते असं नाही. एका ठिकाणी सूप कोमट होतं, पण वाढणारी बाई गरोदर होती आणि तिचे पाय सुजलेले होते. मी म्हटलं, गरमागरम आहे हो. त्यांना तोंडात गरम-गार कळतं, पण त्यांनी ते नेमकं घेतलं नव्हतं. आणखीही एक-दोनदा असं झालंय. जाऊ दे.

काल मात्र सगळं उघडं पडायचं तेवढं राहिलं. एका तळघरात वाइन करणाऱ्या म्हाताऱ्याने बाबांपुढे दोन पेले ठेवले आणि मिशीत हसून म्हणाला, "यातली जुन्या पिंपातली कुठली, ओळखा पाहू." बाबांनी पहिला हुंगला, दुसरा हुंगला, पुन्हा पहिला. मान तिरकी, डोळे मिटलेले, सगळं पूर्वीसारखं. फक्त तो पहिला पेला ते खाली ठेवायला तयार नव्हते. मी पुढे होऊन दोन्ही पेले नाकाशी नेले आणि मोठ्ठा ठसका आणला. "अहो, हे दुसरं काय आहे! लाकूड चावल्यासारखं झालं." म्हातारा खो खो हसला, "बाईंनी फोडलं की गुपित!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उपकार करणाऱ्याकडे माणूस पाहतं तसं, म्हणजे रागाने.

हे सगळं तुला का सांगतेय? तुझ्याकडे येऊ तेव्हा संपादकीणबाई बरोबर असणार आहेत, फोटो काढायला. त्यांच्यादेखत यांची फजिती झाली तर सगळं संपलं. या माणसाकडे दुसरं काही नाही ग. मित्र नाहीत, छंद नाही, देव नाही. तू नुसतं सांभाळून घे. बाहेर येऊ नकोस, काही ओळखायला लावू नकोस. आणि स्वतःची काळजी करू नकोस, कारण या खेपेला तुझं जेवण तुझ्या बापाची जीभ चाखणार नाही. माझी चाखणार आहे.

आई


२० मे, दुपारी

ती बाटली कुठून आली?

प्रिय वगैरे आज लिहिवत नाही. आत्ताच तुझ्याकडून जेवून आलेय. बाबा आतल्या खोलीत लिहीत बसलेत आणि मी व्हरांड्यात. कागद गुडघ्यावर ठेवून लिहितेय, अक्षर लावून घे.

तुझी जागा छान आहे. खिडक्या मोठ्या, टेबलं दूरदूर, कुणाचं कोपर कुणाला लागत नाही. स्वयंपाकघराच्या त्या लांबट खिडकीतून तू दिसलीस. बारीक झालीयस. बाबांनाही तू दिसलीस. त्यांनी हातातला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला, मग उलगडला, मग पुन्हा घडी केली.

तेवढ्यात तुझा तो उंच वेटर बाटली घेऊन आला. बूच आधीच काढलेलं. आतूनच उघडून आणलेली बाटली! तुझ्या बापाने एवढ्याशा गोष्टीवरून भल्या भल्या हॉटेलांत मालकाला बोलावून घेतलेलं मी पाहिलंय. बाटली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर उघडायची, हे तू बोलायला शिकलीस त्याच सुमाराला शिकली असशील. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते काहीच बोलले नाहीत. वेटरने रीतसर त्यांच्या पेल्यात घोटभर ओतली आणि हात मागे बांधून उभा राहिला. त्यांनी पेला फिरवला. हुंगला. घोट तोंडात घोळवला. संपादकीणबाईंचा कॅमेरा क्लिक-क्लिक करत होता.

"सुरेख," बाबा म्हणाले. "घाला सगळ्यांना."

संपादकीणबाईंना गाडी चालवायची होती, त्यांनी पाणी घेतलं. माझ्या पेल्यात आली. मी नाकाशी नेली आणि मला पावसात भिजून कुबट झालेलं गोणपाट हुंगल्यासारखं झालं. ठमे, मला वाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हासुद्धा मी ती बाटली परत पाठवली असती. नाक असलेलं कुठलंही माणूस पाठवेल.

वेटर माझ्याकडे पाहत होता. तू खिडकीत उभी होतीस, हातात फडकं, आणि पुसत काहीच नव्हतीस.

मी काय करायला हवं होतं? ही खराब आहे म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न संपादकीणबाईंचा, की मग यांना कसं नाही कळलं? मी प्यायले. पुन्हा ओतली, तीही प्यायले, कारण बाटलीत उरली असती तर बाईंनी हुंगली असती. तुझं सूप आलं, मासा आला, वाइनमध्ये शिजवलेले पेअर आले आणि त्या सगळ्यावर मी ते गोणपाट पीत राहिले.

तरी तुझं जेवण मला कळलं. भोपळ्याचं सूप इतकं चांगलं होतं की क्षणभर मी सगळं विसरले. भोपळा निखाऱ्यावर भाजून घेतलास ना? मासा जरा जास्त शिजला होता, कडेने सुटत होता. पेअर उत्तम.

खोलीवर आल्या आल्या ते म्हणाले, "सांग. आणि आई म्हणून सांगू नकोस."

मी सांगितलं. मासासुद्धा सांगितला. त्यांनी सगळं उतरवून घेतलं, चेहऱ्यावर रेषही हलली नाही. मग म्हणाले, "आणि वाइन?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात तशीच."

आता ते आत तेच लिहितायत. परवा लेख जायचाय. एकदा छापून आलं की सुरेख म्हणून ज्या बाटलीचं कौतुक केलंय ती सडलेली होती, हे तुला माहीत असेल, तुझ्या वेटरला माहीत असेल आणि त्याने ते आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल, देव जाणे. मी त्यांना खरं सांगू तर कसं सांगू? न सांगू तर त्यांच्या नावाची दोरी तुझ्या हातात राहते.

नजरचुकीने आली असेल ती बाटली. गडबडीत होतं असं. उद्या सकाळी भाजीच्या गाडीबरोबर एक शब्द पाठव, की चूक झाली. मग मी त्यांना कसंतरी पटवून वाइनचं वाक्य काढायला लावीन. एक शब्द पुरे.

आई


२१ मे

तुझा निरोप पोहोचला.

तो चिठ्ठीत घालायची तुला बुद्धी झाली नाही. त्या बिचाऱ्या वेटरला पाठवलंस. व्हरांड्यात आम्ही दोघं नाश्त्याला बसलो होतो. तो पायरीवर उभा राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. मी खुणा करतेय, आत चल, बाजूला ये, पण त्याचं लक्षच नाही. पाठ केलेलं घडाघडा म्हणून मोकळं व्हायचं होतं त्याला.

"मॅडमनी सांगितलंय, बाटली चुकून आली नव्हती. परत पाठवायच्या खोक्यातली, मुद्दाम काढलेली. म्हणाल्या, त्यांना कळतं की नाही ते सगळ्यांसमोर दिसू दे. आणि म्हणाल्या, आई पिईल असं वाटलं नव्हतं."

बाबांच्या हातात पावाचा तुकडा होता. तो त्यांनी बशीत ठेवला. वेटरला म्हणाले, "चहा घेणार?" तो नको नको म्हणत पळाला.

आधी तुझा हिशेब करते. तुझ्यावर विश्वास टाकून मी तुला ते लिहिलं होतं. सांभाळून घे म्हटलं होतं. तू तेच उचलून त्यांच्याविरुद्ध वापरलंस. ते वाईट वागले, कबूल. तुझी नोकरी गेली, नाव गेलं, कबूल. पण त्यांनी तुला वाईट म्हटलं तेव्हा त्यांना तसं खरंच वाटलं होतं. तू काल वाईट आहे हे ठाऊक असून पुढ्यात ठेवलंस. स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या गिऱ्हाइकाला! बापाचं राहू दे, रस्त्यावरून आत आलेल्या परक्या माणसाशीसुद्धा असं वागत नाहीत. हे लिहिताना माझी कानशिलं तापलीयत. समोर असतीस तर एक ठेवून दिली असती.

आता बाकीचं ऐक. तो गेल्यावर मला वाटलं, बाबा तुझ्यावर उखडतील. ते तुझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

"तू प्यायलीस कशाला?" मला विचारलं.

"तुमच्यासाठी."

"दोन पेले?"

"तुमच्यासाठीच."

त्यांनी पावाची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "म्हणजे वाईट असलं तरी तू चांगलं म्हणतेस."

"एकदाच हो."

"एकदाच?"

आणि ठमे, मला हो म्हणता आलं नाही. ते सूप आठवलं, त्या बाईचे सुजलेले पाय आठवले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. नाक गेलंय, डोळे नाहीत गेले. म्हणाले, "थंडीपासून मी जे जे छापलं, त्यातलं खरं किती, हे आता मला कुणाला विचारायचं?"

मी त्यांना आधार देतेय असंच मला वाटत होतं. त्यांच्या पायाखालची फळी मीच काढून घेतली.

मी रडायला लागले तेव्हा ते उठून कठड्याशी गेले. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "बाटली उघडी आली ते मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, लेक आहे. कशाला बोला."

हे मी तुला जसंच्या तसं लिहितेय. एक शब्द माझा नाही. हवं तर विश्वास ठेव, नाहीतर तूही मला विचार, यातलं खरं किती.

मग त्यांनी संपादकीणबाईंना फोन लावला. मी ऐकत होते. आवाज नेहमीचाच, परीक्षकाचा. "लेख येणार नाही. मला थंडीपासून वास येत नाही. छापून आलेलं सगळं माझ्या बायकोच्या जिभेचं आहे. आणि ते गल्लीतलं रेस्टॉरंट माझ्या मुलीचं आहे, हे मी तुमच्यापासून लपवलं." पलीकडून बाई काहीतरी बोलत राहिल्या. "नाही, दुसऱ्याच्या नावानेही नको," हे म्हणाले. "नाव काढा." फोन ठेवला आणि रात्रीपर्यंत लिहिलेले कागद फाडून टोपलीत टाकले.

खोऱ्याचा भागच वार्षिक अंकातून निघालाय. म्हणजे तुझंही नाव येणार नाही, ज्याच्यावर तुझं वर्ष अवलंबून होतं ते. तुझ्या बापाची फजिती करायला गेलीस आणि आपलंच दार लावून बसलीस. मिळालं समाधान?

मला उत्तर नको.

आई


२३ मे

ठमे,

काल दुपारी मी तुमच्या गल्लीत होते. तुम्हा दोघांनाही ते माहीत नाही.

सकाळी सामान भरायला मी काढलं तर बाबा म्हणाले, राहू दे. जेवणाच्या वेळा टळून गेल्यावर बूट घातले आणि न सांगता निघाले. काय करतील, तुला काय बोलतील, तू काय बोलशील, काही भरवसा वाटेना. मी चप्पल अडकवली आणि मागे निघाले. या वयात नवऱ्यामागे लपतछपत चालायची वेळ आणलीत तुम्ही बापलेकीने.

ते तुझ्याच दारात थांबले. बाहेर भाजीचे रिकामे क्रेट रचले होते, मी त्यांच्या आडोशाला उभी राहिले. आत खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या. तू फरशी पुसत होतीस. वर पाहिलंस, आणि फरशी पुसायचा दांडा धरून तशीच उभी राहिलीस. बस म्हणाली नाहीस. मी मनात म्हटलं, आता हाकलते. हाकललं असतंस तर मी आत शिरून मध्ये पडले असते, हे नक्की.

ते काहीतरी बोलले. काचेतून ऐकू आलं नाही. लांबलचक नव्हतं, पण थांबून थांबून बोलत होते आणि मध्ये एकदा त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावला. हे त्यांनी आजवर कुणासमोर केलेलं नाही. डॉक्टरांसमोरही खिशात हात घालून बसले होते.

तू एक खुर्ची उतरवलीस.

मग आत गेलीस आणि वाडगा घेऊन आलीस. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि तुझ्याकडे पाहिलं. आणि तू बोलायला लागलीस. उभ्या उभ्या, हात हलवत, सांगत होतीस. ते पुढचा चमचा घेत, थांबत, काहीतरी विचारत, तू पुन्हा सांगत होतीस. मला मेलीला वाटलं, माझी जागा गेली! खरंच वाटलं. थोडी जळलेसुद्धा. मग तू दुसरी खुर्ची उतरवून समोर बसलीस, आणि मी तिथून निघाले. मला जे पाहायचं होतं ते बघून झालं होतं.

संध्याकाळी परत आले. मी आपली काहीच माहीत नसल्यासारखी स्वेटरच्या घड्या घालत होते. पलंगावर बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

मी विचारलं, "जेवलात कुठे?"

"सूप घेतलं. ती म्हणाली, आधी गोड येतं आणि गिळल्यावर मागून धूर येतो."

"मग? आला?"

"नाही." एक बूट काढून बाजूला ठेवला. "पण ती सांगत होती तसंच असणार."

ठमे, हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या सांगण्यावर मिठाच्या खड्याएवढाही विश्वास ठेवत आला नाही. माझ्याही सांगण्यावर आता ठेवणार नाही, ते मी माझ्या हाताने घालवलंय. तुझ्यावर ठेवला. तो नीट ठेव.

तुझी ती बाटली मी माफ केलेली नाही. एवढ्यात करणारही नाही. अंकात नाव नाही, गर्दी होईल की नाही ठाऊक नाही, हे वर्ष तुला जड जाणार आहे आणि त्यात आपल्या तिघांचाही हात आहे. पण आम्ही लगेच निघत नाही. बाबांनी मालकीणबाईंना खोली आणखी काही दिवस हवी म्हणून सांगून टाकलं, मला न विचारता.

उद्या दुपारी मी येतेय. एकटी. टेबल माझ्याच नावाने ठेव. मला शेजारी बसून काही समजावून सांगू नकोस, मला चव लागते. आणि घशाखाली उतरू नये असं काही पुढ्यात आलं, तर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलेन, लक्षात ठेव.

तुझी,
आई